कार्लोवीची वारी: ऑक्टोबरातले पाच दिवस आणि चोचीचा पेला

चेक भाषेत ‘वारी’ म्हणजे उकळ्या. कार्लोवी वारी म्हणजे कारेल राजाच्या उकळ्या. जर्मन नाव कार्ल्सबाड. मराठी कानाला वारी म्हटलं की चालणं आठवतं, आणि या गावापुरता तो अर्थही अगदी चपखल बसतो. इथलं औषध दोन भागांचं आहे: घोटभर पाणी आणि भरपूर पायपीट. एका दिवसात प्रागहून येऊन फोटो काढून परतणाऱ्यांना यातला दुसरा भाग कळतच नाही. म्हणून मैत्रिणीबरोबर आखलेला हा पाच दिवसांचा क्रम, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातला.

पहिला दिवस: प्राग ते कार्लोवी वारी

प्रागपासून अंतर सुमारे १३० किलोमीटर. बसने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. रेल्वे मात्र उत्तरेला उस्ती आणि खोमुतोवला वळसा घालून येते, म्हणून तीन तासांहून जास्त घेते. रेल्वेचा एक तोटा आणखी आहे. मुख्य स्थानक, म्हणजे ‘होर्नी नाद्राझी’ (वरचं स्थानक), ओह्र्झे नदीच्या पलीकडे चढावर आहे. बस मात्र खालच्या स्थानकाजवळ, गावाच्या बाजूला सोडते. बॅगा असतील तर बसच बरी. विमानतळाच्या बाजूने जाणाऱ्या बसही असतात, त्यामुळे विमानातून उतरल्यावर प्रागमध्ये शिरण्याची गरज पडेलच असं नाही. सकाळच्या विमानाने येत असाल तर तिकीट काढण्याआधी हे बघून घ्या.

मुक्काम कुठे करायचा? गाव तेप्ला नदीच्या अरुंद घळीत वसलंय, लांबट आणि चिंचोळं. थर्मल हॉटेलापासून वरच्या टोकाच्या ग्रँडहॉटेल पुपपर्यंत सुमारे दीड किलोमीटर, आणि सगळे झरे याच पट्ट्यात. थर्मलच्या खालच्या अंगाला, बाजाराकडच्या गल्ल्यांत, खोल्या स्वस्त मिळतात आणि दुकानं जवळ पडतात. झऱ्यांच्या पट्ट्यात गाड्यांना मज्जाव आहे. तिथे खोली घेतली तर चाकांची बॅग दगडी फरसबंदीवरून खडखडत न्यावी लागते. टेकडीच्या उतारावरची हॉटेलं नकाशात जवळ दिसतात. मधल्या दोनशे पायऱ्या नकाशात दिसत नाहीत. पालिकेचा मुक्कामकर खोलीच्या भाड्याखेरीज माणशी, दर रात्रीचा वेगळा घेतात, तो हिशेबात धरा.

संध्याकाळचं काम एकच: पेला घेणं. ‘लाझेन्स्की पोहारेक’ म्हणजे चपटा चिनी मातीचा पेला, ज्याचा कान आतून पोकळ असतो आणि वर चोच असते. पाणी या कानातून ओढून प्यायचं. कानातून येताना ते थोडं निवतं, आणि दातांवरून न वाहता थेट जिभेवर पडतं. शोभेचे, घरांच्या आकाराचे, सोनेरी नक्षीचे पेले भरपूर मिळतात. पण कानाचं भोक बारीक असेल तर रोज वापरताना वैताग येतो. घेताना चोचीतून फुंकर घालून बघा, हवा मोकळी गेली पाहिजे. खाली सपाट बुड हवं, बाकावर ठेवताना लवंडत नाही. प्रत्येकीचा पेला वेगळा घ्या. प्लॅस्टिकचा पेला ऐन उकळत्या झऱ्याखाली मऊ पडतो, त्या फंदात पडू नका.

दुसरा दिवस: झरे, खालून वर

सकाळी सातला, रिकाम्या पोटी निघायचं. ऑक्टोबरात या वेळी पाच-सहा अंश तापमान असतं, आणि नदीच्या काठावरच्या गटारांच्या जाळ्यांतूनसुद्धा वाफ येत असते. उन्हाळ्यात येणाऱ्यांना हे दृश्य मिळत नाही.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची सवय असलेल्यांचा इथे पहिला गैरसमज होतो: उतरून डुंबायचं कुंड कुठे आहे? नाही. रस्त्यावर फक्त पिण्याचं पाणी. आंघोळ हॉटेलांच्या आणि स्नानगृहांच्या आत, ठरलेल्या वेळी. पोहायचंच असेल तर थर्मल हॉटेलचा खडकावरचा उघडा तलाव आहे. दुसरा गैरसमज गंधकाचा. इथे तो वास जवळजवळ नाही. चव खारट, थोडी लोखंडी, कोमट सोड्यात चिमूटभर मीठ टाकावं तशी.

पाणी सगळ्या झऱ्यांचं मुळात एकच. फरक पडतो तो वर येताना ते किती निवतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती उरतो यामुळे. जितकं गार, तितका वायू जास्त आणि रेचक गुण जास्त. गरम पाणी पोटाला शांत करतं, असं इथलं पारंपरिक शास्त्र सांगतं. रेचकपणाचं मूळ सोडियम सल्फेटमध्ये, म्हणजे ग्लॉबर मिठात. पूर्वी युरोपभर औषधांच्या दुकानांत विकलं जाणारं कार्ल्सबाडचं मीठ ते हेच पाणी आटवून काढलेलं.

थर्मलकडून निघालं की आधी सादोवा कोलोनाडा लागते, ओतीव लोखंडी जाळीकामाची, १८८१ची. कोलोनाडा म्हणजे खांबांवर छत असलेला लांब मंडप; पावसातही फेऱ्या मारता याव्यात म्हणून बांधलेला. इथे हादी, म्हणजे सापाचा झरा, सुमारे ३० अंशांचा, सगळ्यांत गार. नवख्यांना हाच पिववतो, म्हणून ते इथे भरभरून पितात आणि तासाभरात स्वच्छतागृह शोधतात. अर्ध्या पेल्यावर थांबा. सार्वजनिक स्वच्छतागृहांना सुटी नाणी लागतात, ती खिशात हवीतच.

पुढे लाकडी छत्रीखाली स्वोबोदा झरा, सुमारे ६० अंश. मग गावातली सर्वांत देखणी इमारत, म्लीन्स्का कोलोनाडा: १३२ मीटर लांब, १२४ कोरिंथियन खांब, माथ्यावर बारा महिन्यांचे बारा पुतळे. वास्तुविशारद योसेफ झीतेक, ज्यांनी प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह उभारलं. बांधकाम १८७१ ते १८८१. आत पाच झरे, साधारण ५३ ते ६५ अंशांच्या दरम्यानचे. प्रत्येकावर नाव आणि तापमान लिहिलेलं असतं. गर्दी इथेच होते. साडेनऊनंतर प्रागच्या बस आल्या की पेला धरायलाही रांग लागते. सात ते साडेआठ हीच वेळ.

पेला भरायची रीत अशी. आधी थोडं पाणी घेऊन पेला विसळायचा, मग भरायचा. पेल्याची कड नळीला टेकवायची नाही, सगळेच त्या नळीखाली पेला धरतात. भरल्यावर लगेच ओढायचं नाही: साठ अंशांचं पाणी कानातून एकदम जिभेवर येतं आणि दिवसभर चव जाते. दोन-तीन मिनिटं चालत राहायचं, मग घोट घोट. पेला संपायला दहा-पंधरा मिनिटं लागली पाहिजेत. नंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, मग न्याहारी. उपचाराला आलेल्यांना कोणता झरा, किती, केव्हा हे डॉक्टर लिहून देतात. साधारण तीन वेळा, जेवणाआधी, आणि जुन्या पद्धतीचा पूर्ण कोर्स २१ दिवसांचा. चार-पाच दिवसांत रोग बरा होत नाही, तेव्हा चव घेणं एवढाच हेतू ठेवावा.

एक हिशेब मात्र जरूर करा. लिटरभर पाण्यात सुमारे साडेसहा ग्रॅम क्षार असतात, त्यांत सोडियम सुमारे १.७ ग्रॅम. दोनशे मिलिलिटरचे तीन पेले म्हणजे सुमारे एक ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मिठाच्या बरोबरीचं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून पाच ग्रॅम मिठाच्या आत राहायला सांगते, त्याचा निम्मा वाटा पाण्यातच गेला. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटाच्या पुढे जाऊ नये. दोघींपैकी एकीने प्यावं आणि दुसरीने नुसतं चालावं, यातही काही बिघडत नाही.

म्लीन्स्कानंतर त्रझ्नी कोलोनाडा, १८८३ची, पांढऱ्या लाकडी नक्षीची. फेल्नर आणि हेल्मर या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद जोडगोळीची ही रचना. सादोवा त्यांचीच, नाट्यगृह त्यांचंच, स्नानगृहही त्यांचंच. मध्य युरोपात त्यांनी इतकी नाट्यगृहं बांधली की नंतर कुठेही गेलं तरी ‘हे बघितलंय’ असं वाटत राहतं. त्रझ्नीतल्या चौथ्या कारेलच्या झऱ्याशी गावाची जन्मकथा जोडलेली आहे: शिकारीत राजाचा कुत्रा गरम पाण्यात पडला आणि झरा सापडला. ही दंतकथा. कागदोपत्री पक्कं ते १३७० साल, जेव्हा कारेलने गावाला शहराचे हक्क दिले.

आणि मग व्र्झीद्लो. नाव उच्चारताना जीभ अडखळते, त्याची काळजी नको, चेक मुलांनाही तो ‘र्झ’ उशिरा जमतो. हा खरा स्रोत: ७३ अंशांवर पाणी, मिनिटाला सुमारे २,००० लिटर, उसळी बारा मीटरपर्यंत. भोवती १९७५ची काचेची इमारत आहे, जुन्या मंडपांशेजारी ती अनेकांना डोळ्यांत खुपते. मला त्या उसळीपुढे इमारतीचं काही वाटत नाही.

या पाण्याची खोड म्हणजे ते दगड बनवतं. वर आल्यावर वायू निसटतो आणि विरघळलेला चुना अरागोनाइट या खनिजाच्या रूपात साठतो; लोहामुळे त्याला तपकिरी रंग येतो. नदीकाठच्या भिंतींवर हे थर दिसतात. नळ्या बुजतात, त्या सतत साफ कराव्या लागतात. पूर्वी झरा स्वतःच्याच दगडाखाली कोंडला की भलतीकडे फुटायचा, म्हणून आता खोल विंधणविहिरींतून पाणी वर घेतात. याच खोडीवर एक धंदा चालतो: कागदी गुलाब पाण्यात ठेवतात, त्यांच्यावर तपकिरी दगडाचं कवच चढतं, आणि ते ‘दगडी गुलाब’ म्हणून विकतात. बाटलीत पाणी भरून घरी नेण्यात मात्र अर्थ नाही. वायू उडतो, तळाशी गाळ बसतो. दुकानात मिळणारं ‘मात्तोनी’ हे जवळच्या किसेल्काचं वेगळं, साधं फेसाळ पाणी. ते पिऊन ‘झऱ्याचं पाणी प्यायलो’ म्हणू नये.

दुपारी पेल्याला सुट्टी. गरम ‘ओप्लात्की’ खा: दोन पातळ, वर्तुळाकार पापुद्रे, मध्ये साखर आणि हेझलनटचं सारण, हाताच्या पंज्याहून मोठे. ठेल्यावर समोर भाजून देतात. खोक्यातला थंड ओप्लात्का आणि हा यांत गाठोड्यातला पापड आणि नुकता भाजलेला पापड इतका फरक आहे. शाकाहारी असाल तर ‘बेझ मासा’ म्हणायला शिका. ऐकायला ‘मासा नको’ वाटतं, अर्थ ‘मांस नको’. मासळी त्यात धरत नाहीत, ती वेगळी सांगावी लागते. ‘स्माझेनी सिर’ म्हणजे तळलेलं चीज आणि बटाट्याचं धिरडं ‘ब्राम्बोराक’ सगळीकडे मिळतं, पण सूप मांसाच्या पाण्यातलं असू शकतं, विचारून घ्या.

तिसरा दिवस: टेकड्या

चालणं हा उपचाराचा भाग कसा झाला, हे या दिवशी कळतं. सोळाव्या शतकात रुग्ण तासन्‌तास पाण्यात बसून राहत, कातडी फुटेपर्यंत. वैद्य वात्स्लाव पायर यांनी १५२२मध्ये पुस्तक लिहून पिण्याचा सल्ला दिला, तर लोक डझनावारी पेले खोलीत बसून रिचवू लागले. अठराव्या शतकात डॉक्टर डेव्हिड बेखर यांनी हे आवरतं घेतलं: थोडं प्या, झऱ्यापाशी येऊन प्या, आणि चाला. गावाभोवतीच्या जंगलातल्या शेकडो बाकांच्या, छत्र्यांच्या आणि सज्ज्यांच्या वाटा त्या सांगण्याची फळं आहेत.

पुपच्या शेजारून डायना टेकडीची केबल रेल्वे निघते, १९१२ची, सुमारे ४५३ मीटर लांब. वर १९१४चा बुरूज, आत लिफ्ट. वर जायला रेल्वे, उतरायला पाय, हा क्रम ठेवा. उलट केलं तर ओल्या पानांवरून चढताना दमछाक होते. शरदात बीचची पानं वाटेवर दोन बोटं जाड पसरलेली असतात, तांबूस, सुंदर आणि केळीच्या सालीइतकी निसरडी. खाली दगडी पायऱ्या झाकलेल्या असतात. रबरी खोल तळव्यांचे बूट हवेत. शहरी पांढरे बूट पहिल्याच उतारावर दगा देतात. देखभालीसाठी रेल्वे काही दिवस बंद ठेवतात. त्या दिवसांत चढून गेलात तर पाऊण तास धरा.

उतरताना ‘येलेनी स्कोक’, हरणाची उडी, हा सज्जा लागतो. कड्यावर उभा असलेला पुतळा मात्र हरणाचा नाही, शामोवा जातीच्या डोंगरी बोकडाचा आहे. खाली लाल-पिवळ्या झाडीत अडकलेली गावाची ओळ इथून जशी दिसते तशी डायनाच्या उंचीवरून दिसत नाही. फोटोसाठी सकाळी दहा ते बारा. घळ खोल असल्याने दुपारी तीननंतर ऊन गावातून उठतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि सूर्यास्त सहाऐवजी पाचच्या आत येतो. वाटांवर दिवे नाहीत, तेव्हा रविवारनंतरचा बेत तासभर अलीकडे घ्या.

जर्मन कवी गोएथे इथे तेरा वेळा आला. कार्ल मार्क्स १८७४पासून सलग तीन वर्षं आला. व्हिएन्नात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाल्यावर १९३५मध्ये सुभाषचंद्र बोसही प्रकृती सुधारायला इथे राहिले होते.

चौथा दिवस: लोकेत, पायी

‘लोकेत’ म्हणजे कोपर. ओह्र्झे नदी इथे कोपरासारखी वळते आणि त्या वळणात किल्ला बसलाय. गावाच्या मध्यातून सतरा किलोमीटरच्या आसपास चाल पडते. दोउबी या उपनगरापर्यंत शहर बसने गेलं की पाच-एक किलोमीटर वाचतात आणि कंटाळवाणा भाग टळतो. वाट नदीकाठाने, जवळजवळ सपाट. मध्ये स्वातोश्स्के स्काली हे ग्रॅनाइटचे सुळके, शेजारी झुलता पूल. दगड झालेलं लग्नाचं वऱ्हाड, अशी त्यांची गोष्ट. आपल्याकडेही अशा नवरा-नवरीच्या सुळक्यांची वाण नाही. इथलं खाणावळवजा दुकान शरदात आठवडाभर उघडं असेल असं धरू नका, पोळीभाजी किंवा ब्रेड सोबत असू द्या. सावकाश पाच तास.

परतीला बस, अर्धा तास. पण शनिवार-रविवारी आणि सुट्टीला फेऱ्या कमी असतात, म्हणून शेवटच्या बसची वेळ निघायच्या आधी लिहून ठेवा. पाऊस लागला तर हा दिवस बदलून खालच्या स्थानकावरून मारियान्स्के लाझ्न्येची रेल्वे पकडा, दीड तासाच्या आत. तिथले झरे थंड आहेत, पाणी सोड्यासारखं झिणझिणतं. दोन्ही गावं २०२१मध्ये युनेस्कोच्या ‘युरोपातील महान स्पा शहरे’ या अकरा गावांच्या यादीत एकत्र आली, पण पाण्याच्या बाबतीत ती दोन टोकं आहेत.

पाचवा दिवस: काच, काढा आणि निघणं

सकाळी द्वोरीतला मोझरचा काच कारखाना. लुडविग मोझरने १८५७मध्ये धंदा सुरू केला. इथली काच शिशाविना बनते, तरी कापल्यावर चकाकते. भट्टीसमोरचं काम बघायचं असेल तर कामाचा दिवस आणि सकाळ हवी, दुपारनंतर फुंकणारे निघून जातात. लेन्स असलेला कॅमेरा गारठ्यातून भट्टीच्या दालनात नेला की बाष्प धरतो, पिशवीतच दहा मिनिटं राहू द्या.

मग बेखरोव्का: १८०७पासूनचा वनौषधींचा कडू-गोड मद्यार्क, ३८ टक्के, गावात गमतीने ‘तेरावा झरा’. लवंग-दालचिनीचा वास इतका ठळक की आजीच्या काढ्याची आठवण होते. टॉनिक पाण्यात घेतलं की त्याला ‘बेतोन’ म्हणतात. बाटली हातातल्या सामानात चालत नाही, मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा.

२८ ऑक्टोबरला निघत असाल तर आदल्या दिवशीच खरेदी उरका. तो चेक राष्ट्रीय सुट्टीचा दिवस. २०० चौरस मीटरहून मोठी दुकानं कायद्याने बंद असतात, आणि बसची तिकिटं दोन दिवस आधीच संपतात.

पेला बॅगेत टाकण्यापूर्वी त्याच्या कानात पाहा. पाच दिवसांत आत पांढुरका थर धरलेला असतो. ब्रश तिथे पोचत नाही. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोचीतून भरून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचा, मग दोनदा गरम पाणी. सोनेरी नक्षीला आंबट लागू द्यायचं नाही, ती उडते.